बोकडाच्या कानातलं पाणी

माझी आई मला कडेवर घेऊन तो डोंगर अनवाणी चढली होती, ही गोष्ट मी आजवर कुणाकुणाला सांगितली नसेल. शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितली, सासरी सांगितली, शहरातल्या आमच्या रविवारच्या भटक्या मंडळींना तर दर पावसाळा संपला की एकदा सांगितलीच. मला आणि माझ्या पाठच्या भावाला एकदमच गोवर निघाला होता. आई तेव्हा माहेरी होती, कन्नड गावाच्या पुढं डोंगराच्या पायथ्याला. दोन्ही लेकरांचा ताप उतरेना. शेवटी तिनं मला उचललं, डोंगरमाथ्यावर आसरांच्या ठाण्याला नेलं, बोकडाचा नवस बोलली आणि मी वाचले. सांगताना मी ‘अनवाणी’ या शब्दापाशी जरा थांबायची. ऐकणाऱ्या बायांचे डोळे ओले व्हायचे, आणि मला ते आवडायचं.

आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. माथ्यावर कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे, त्याच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड. एवढंच ते ठाणं. लेकराबाळांची काळजी त्यांच्याकडं, असं आमच्याकडच्या बायका मानतात.

नवस फेडायचा मात्र राहूनच गेला. एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी घरात लग्न, मग वडील गेले, मग त्या डोंगराभोवतीचं सगळं रान अभयारण्य झालं आणि आईला आयतंच निमित्त सापडलं. “आता सरकार जाऊ देत नाय,” असं ती म्हणायची. मी म्हणायची, अगं परवानगी काढता येते, मी काढते. मग तिचे गुडघे दुखायला लागायचे. देवाचं देणं कधी न विसरणारी बाई, संकष्टीला चंद्र ढगात असला तर उपाशी झोपणारी, आणि माझ्याच नवसाला अशी टाळाटाळ का करते म्हणून मी चिडायची. चिडून एकदोनदा बोललेही, “माझा आहे म्हणून राहिला, भावाचा असता तर कधीच फेडला असता.” त्यावर ती उठून गोठ्यात निघून गेली होती.

मग भावाच्या छातीत दुखलं. त्याला गावाहून, देवगाव रंगारीहून, रातोरात शहरात आणलं, स्प्रिंग बसवली, आणि तो सुखरूप घरी गेला. आई तोवर दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून होती. तिथंच मला म्हणाली, “माय, आपण डोंगरावर जाऊ. बोकड देऊन टाकू.” नवस माझा आणि दुखणं भावाचं, यांचा काय संबंध, असं मला तेव्हा विचारता आलं असतं. पण मी खूश झाले. माझी गोष्ट पुरी व्हायला निघाली होती.

मी लगेच कामाला लागले. आईला पायात घालायला मऊ बूट आणले, ते तिनं कपाटावर ठेवून दिले. शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना सोबत बोलावलं. त्यांचं माहेर नाशिकचं, पाखरांचा भारी नाद, आणि आईची गोष्ट ऐकून सगळ्यात जास्त रडलेल्या त्याच. “मी सगळं शूट करते,” त्या म्हणाल्या. मी मानभावीपणानं नको नको म्हटलं आणि निघायच्या आदल्या दिवशी कोणती साडी व्हिडिओत बरी दिसेल ते बघत बसले. आता हे लिहिताना कान गरम होतात, पण बसले होते खरी.

फाल्गुनातली सकाळ होती. जीपमध्ये आई, भाऊ, वहिनी, शेजारचे मुलाणी चाचा, बाई, मी आणि मागं बोकड. बोकड कापायचा तो मुलाण्याच्या हातानं, ही आमच्या गावाची जुनी रीत. चाचांनी आमच्या घरातली सगळी जावळं, सगळे नवस पाहिलेले. आईला ते भाभी म्हणतात आणि आई त्यांच्यापुढं अजून पदर सावरते. पायथ्याशी मामाच्या पोराचं शेत आहे. भाऊ तिथंच थांबला. डॉक्टरांनी त्याला चढ चढायला मनाई केली होती. चूल मांडणं, मसाला वाटून घेणं, हे त्यानं अंगावर घेतलं. ठरलं असं होतं की बोकड वर न्यायचा, देवाला दाखवायचा, आणि कापायचा खाली येऊन, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेतात.

नाक्यावर वनरक्षकानं आम्हाला पाहिलं आणि डोक्याला हात लावला. तो आमच्याच भागातला होता, म्हणून पुढची बोलणी तरी झाली. काडेपेट्या त्यानं काढून घेतल्या. उदबत्ती न्या, पण पेटवायची नाही, म्हणाला. मग बोकडाकडं बघत राहिला.

“ह्यानं एक पान खाल्लं तरी मला जाब द्यावा लागंल.”

“मग काय करायचं दादा?” वहिनीनं विचारलं.

त्यानं आतून सुतळी आणली. चाचांनी नाक्यावर बसूनच तिचं जाळीदार मुसकं विणलं आणि बोकडाच्या तोंडाला बांधलं. मळणीच्या बैलाला बांधतात तसं. बोकडानं डोकं दोनदा घासलं, मग गप्प उभा राहिला. बाईंना हसू आवरेना. त्यांनी त्याचे फोटो काढले, आणि मीही बोकडाशेजारी उभी राहून एक काढून घेतला.

वाट सुरुवातीला साध्या चढाची. सागाची पानं गळून गेलेली, पायाखाली त्यांचा कुरकुराट. मधूनच एखादा पळस पेटलेला. एका वळणावर रोही म्हणजे नीलगाय दिसली, मादी आणि तिचं वासरू, आमच्याकडं बघत उभी. बोकडही तिच्याकडं बघत उभा राहिला. बाई हळूच म्हणाल्या, “काय वैभव आहे गं तुमच्याकडं.” मी असं हसले की जणू मीच लावलंय ते रान.

आई पुढं होती, अनवाणीच. मी हात दिला की ती काढून घ्यायची. मला वाटलं, जुनी माणसं हट्टी असतात. मी बाईंना मागून समजावून सांगत होते, अजून काय काय होणार ते. वर गेल्यावर बोकडाला कुंकू लावतात, अंगावर पाणी घालतात, आणि मग वाट बघतात. त्यानं अंग झाडलं, थरथरून पाणी उडवलं, की देवानं मान्य केलं. नाही झाडलं तर?

“मग विचारतात,” मी म्हटलं, “कुणाचं काही चुकलंय का? मनात काही राहिलंय का? एकेकानं बोलायचं. बोललं की झाडतं.”

“आणि तरीही नाही झाडलं तर?”

मी आवाज खाली आणला. “आमचे वडील युक्ती करायचे. पाहुणे भुकेले झाले की कानात पाणी घालायचे. कानात गेलं की कुठलंही जनावर झाडतंच.” आम्ही दोघी खुसखुसून हसलो. पुढं चाललेली आई थांबली, पदरानं मान पुसली, आणि पुन्हा चालायला लागली.

माथ्यावर वारं होतं. टाक्यातलं पाणी खाली गेलेलं, पण होतं. आईनं दगड धुतले, शेंदूर लावला, हिरवे खण, हिरव्या बांगड्या मांडल्या. न पेटवलेल्या उदबत्त्या तशाच खोचल्या. मी कशाला हात लावायला गेले तर म्हणाली, “तू बस.” मला ते मायेचं वाटलं. नवस माझा म्हणून मला बसवून ठेवलंय, असं मी बाईंना खुणेनं सांगितलं. त्यांनी मोबाईल वर धरला.

चाचांनी बोकडाला दगडांसमोर उभं केलं. आईनं तांब्या त्याच्या पाठीवर ओतला. तो उभा. वहिनीनं ओतला. मी ओतला. उन्हानं तापलेल्या जनावराला ते पाणी बरंच वाटत असणार. डोळे अर्धे मिटून तो मुसक्यातून नुसता श्वास घेत राहिला.

“चला, बोला,” चाचा म्हणाले. “किसीका कुछ राह्यलं आसंल तर बोलून टाका. मेरा मैं बोलता. सकाळी निघताना घरात भांडून निघालो. चुकलं माझं.”

बोकड उभा.

वहिनी म्हणाली, “नारळ नवा नाय आणला. घरातला पडलेला व्हता तोच आणला. चुकलं.” आणि ती खरंच ओशाळली.

मी पुढं झाले, मोबाईलकडं अर्धी वळून. म्हटलं, “मी चपला टाक्यापर्यंत घालून आले. चुकलं.” बाई हसल्या. मीही हसले. मला सगळं फार छान चाललंय असं वाटत होतं.

आई दगडांकडं तोंड करून उभी होती. ती वळलीच नाही. बोलली तेव्हा आधी मला कळलं नाही की ती आमच्याशी बोलतेय की दगडांशी.

“ह्यांचं कुणाचंच काय नाय. माझं हाय. त्या टायमाला मी हिला जगवायला नव्हतं आणलं.”

वारं होतं म्हणून चाचा म्हणाले, “क्या भाभी?”

“हिला द्यायला आणलं व्हतं. दोन्ही लेकरं जात व्हती. मी म्हणलं, दोन्ही जगत नसतील तर पोरगं ठेव. ही घे. वर बोकड बी देते म्हणलं. हिथं, ह्या कातळावर ठिवली हिला. आन् खाली उतरायला लागले.”

वाऱ्यानं सरकलेला खण तिनं पुन्हा दगडापाशी नीट केला.

“रडली असती तरी गेले असते. रडली नाय. नुसती माझ्याकडं बघत व्हती. त्या वळणावरून मला दिसत व्हतं, बघत व्हती. मंग परत आले. उचलली. घरी गेले तर पोराचा ताप उतरल्याला, आन् दुसऱ्या दिशी हिचा बी उतरला. दोघं बी दिले देवानं. आता मी कोणच्या तोंडानं यावं हिथं? बोकड आणला आसता तर देवानं इचारलं आसतं, कुणाच्या नावाचा आणला म्हून.”

मग ती वळली. दगडांकडं पाठ करून तिनं माझ्याकडं पाहिलं. ती वाट बघत होती. चाचा खाली बघत होते, वहिनीनं पदर तोंडाला लावला होता. आता बोलायचं होतं ते मी, आणि आईला देवाचं नव्हे, माझंच उत्तर हवं होतं, हे मला लख्ख कळलं होतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते न कळून झालं नाही.

मला आठवतंय ते एवढंच, की बाईंच्या हातातला मोबाईल अजून वर होता. मला आईचं काही वाटलं नाही. कातळावर ठेवलेल्या पोरीचंही नाही. मला लाज वाटली, बाईंची. स्टाफरूममध्ये सांगितलेल्या त्या गोष्टीची, ‘अनवाणी’ या शब्दापाशी थांबण्याची. मनात आलं, आई अजून काय काय बोलेल. कसंही करून हिला थांबवायला हवं. उद्या सोमवार होता, शाळा होती.

माझ्या हातात तांब्या होता. तळाला थोडं पाणी होतं. मी खाली वाकले आणि ते बोकडाच्या कानात ओतलं.

बोकडानं डोकं हलवलं, मग मान, मग सगळं अंग, अगदी शेपटीपर्यंत. पाणी आमच्या सगळ्यांच्या अंगावर उडालं.

“हो गया,” चाचा म्हणाले. “मान्य झालं, भाभी. झालं.” त्यांनी आईला हाताला धरून खाली बसवलं. परक्या बाईला त्यांनी हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. आई कातळावर बसून हमसून हमसून रडली. वहिनी तिच्याजवळ गेली. मी तांब्या धुतला. टाक्यातलं पाणी घेऊन आतून, बाहेरून, पुन्हा आतून धुतला.

बाईंनी मोबाईल कधी खाली केला मला कळलं नाही. त्या माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी तेवढं उडवून टाकलंय.” मला तेव्हा हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, लाज मागून आली.

उतरायला लागलो. आईनं मात्र या वेळी माझा हात धरला. चढताना काढून घेतलेला हात तिनं उतरताना आपण होऊन पुढं केला आणि नाक्यापर्यंत सोडला नाही. तिचा तळवा खरबरीत आणि गरम होता. त्या एका वळणावर ती क्षणभर थांबली, वर पाहिलं. तिथून टाकं दिसतं. मी वर पाहिलं नाही.

वनरक्षकानं काडेपेट्या परत दिल्या. मुसकं सोडवताना त्यानं जाळीत बोट घालून पाहिलं, आत पान अडकलंय का म्हणून. नव्हतं. “शहाणा हाय,” तो बोकडाला म्हणाला.

शेतात भावानं चूल पेटवून ठेवली होती. आम्हाला बघून उठला. “काय आक्का, झाडलं का लवकर?”

मी वहिनीकडं पाहिलं. तिनं चाचांकडं पाहिलं.

“एकदम,” चाचा म्हणाले. “पाणी पड्या के झाडलं.”

“मला म्हाईतच व्हतं,” भाऊ म्हणाला. “आक्काचा नवस म्हणल्यावर देव कशाला थांबंल.” आणि तो चुलीवरची राख बाजूला करायला लागला. पन्नाशीला आलेला माणूस, शर्टाच्या उघड्या गळ्यातून त्याची वाळलेली छाती दिसत होती. त्याला यातलं आजही काही ठाऊक नाही. चाचा गेले, वहिनी बोलायची नाही. मी हे लिहिलंय, पण तो वाचत नाही.

दुपारी पंगत बसली. आमच्याकडं नवसाच्या बोकडाचं काळीज ज्याच्या नावाचा नवस त्याला वाढतात. आईनं ते आपल्या हातानं, चुलीवर वेगळं शिजवलं होतं. ती वाढायला आली तेव्हा मी तिच्या हाताकडं बघत राहिले, आता ती कुणाच्या ताटात वाढणार म्हणून. तिनं सरळ माझ्यापुढं येऊन ते माझ्या ताटात घातलं. सगळंच. भाऊ गमतीनं म्हणाला, “मला एक तुकडा बी नाय?” आई म्हणाली, “तुझं झालं खाऊन.” तो हसला.

मी त्याला हात लावला नाही. नुसती भाकरी कुस्करत बसले. सगळे उठले, बाई शेताच्या बांधावर दुर्बीण घेऊन गेल्या. त्यांना माझ्याकडं बघायचं नव्हतं हे मला समजत होतं. आई पाण्याची बादली घेऊन माझ्या ताटाजवळ येऊन बसली.

“जेवली नाय माय.”

“जेवते.”

तिनं बादली बाजूला सारली. मग म्हणाली, “तुझा बाप कानात पाणी घालायचा ते मला म्हाईत हाय. सारा जन्म शेरडं राखली मी. मला काय देवानं झाडलं आन् कुणी झाडवलं ते कळत नाय व्हय?”

मी मान वर केली नाही.

“मला वाटलं व्हतं, तू तोंड फिरवून खाली निघून जाशील. म्या गेले व्हते तशी. ते तुझं रास्तच आसतं. पण तू वाकली. मला बोलायला लागू नाय म्हून तूच देवाच्या वतीनं मान हलवली.” तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. “देवाचं राहू दे. तू मला सोडवलं. आता मला कायी नाय.”

त्या वेळी मी सांगू शकले असते. आई, तसं नव्हतं गं. तुला सोडवायला नाही, तुला गप्प करायला ओतलं. तुझ्याकडं माझं लक्षच नव्हतं. तिनं तिचं ओझं सगळ्यांदेखत खाली ठेवलं होतं, चाचांसमोर, सुनेसमोर, परक्या बाईसमोर, आणि माझं तर दोन वाक्यांचं होतं. पण तिचा चेहरा मी बघितला. इतक्या वर्षांत आईच्या कपाळावरची ती आठी कधी गेलेली मी पाहिली नव्हती. ती गेली होती.

ती अजून आहे. देवगावला ओसरीत बसून आल्यागेल्याला सांगते की माझ्या लेकीएवढं मोठं मन कुणाचं नाही. का, ते सांगत नाही. नुसतं तेवढंच सांगते, आणि ‘मोठं मन’ या शब्दापाशी जरा थांबते. मी समोर असले तर मीच उठून आत जाते.

त्या दुपारी मी फक्त म्हटलं, “व्हय, आई.” ती माझ्यापुढून उठेना, मी खाल्ल्याशिवाय तिला उठायचं नव्हतं. काळीज गार झालं होतं. मी तिच्या देखत ते सगळं खाल्लं.